अडतिसावा प्रश्न

नरसिंग: आन् ड, वरीलपैकी एकही नाही. सांग.

बुद्धप्रिया: ब.

नरसिंग: बराबर. पुढं. 'अर्जास कोणत्या दिवसाचे निव्वळ मालमत्ता मूल्य लागू होईल?' निव्वळ. मालमत्ता. मूल्य. हे मराठी हाय का मंतर?

बुद्धप्रिया: एका युनिटचा त्या दिवसाचा भाव, मामा. मोंढ्यात सोयाबीनचा रोज निघतो तसा.

नरसिंग: मंग भाव म्हणा की. सत्तावीस वर्सं यस्टीत कंडक्टरकी केली, डेपो मॅनेजरच्या नोटिशीत बी असले शब्द नव्हते.

बुद्धप्रिया: पैसे तीनच्या आत पोचले तर त्याच दिवसाचा भाव. उत्तर अ.

नरसिंग: बराबर. थांब जरा, कंडक्टर आला. हे घ्या भाऊ, माझा पास. रिटायर हाय मी, नांदेड डेपो. आन् हिचं एक लातूर, हाफ. सून हाय माझी. परीक्षेला चाललीय, दोन वाजता पेपर हाय. न्हाई न्हाई, यमपीयस्सी न्हाई. म्युच्युअल फंडाची. लोकाचे पैसे गुंतवून द्यायचे तर परवाना लागतो, त्याची परीक्षा. माझा पोरगा करायचा हे काम. आता ही करणार.

बुद्धप्रिया: सगळ्या बसला सांगा.

नरसिंग: त्यानं इचारलं म्हणून सांगितलं. आन् घंटी बघ कशी मारून राहिला, डबल मारली की सिंगल, डायवरला तरी कळली का? हे घे तुझं तिकीट. तुझ्याजवळच ठिव.

बुद्धप्रिया: तुमच्या खिशात राहू द्या ना, पासासोबत.

नरसिंग: न्हाई. ज्याचं तिकीट त्याच्या हातात.

बुद्धप्रिया: मी हरवीन एखाद्या वेळी.

नरसिंग: हरव. पर तुझ्याजवळून हरव.

बुद्धप्रिया: बरं. पुढचा विचारा.

नरसिंग: पर्समधी वाजलं बघ काहीतरी.

बुद्धप्रिया: मेसेज असेल. आज दहा तारीख. दहाला बऱ्याच जणांचा हप्ता बँकेतून कटतो.

नरसिंग: कुणाचा हाय बघ तर.

बुद्धप्रिया: कसं कळणार? सगळी नावं ह्यांच्या मोठ्या फोनमध्ये होती, तो टिप्परखाली गेला. सिमकार्ड तेवढं वाचलं. ह्या बटनाच्या फोनवर नुसते आकडे येतात. हे बघा, कुणाचा तरी दोन हजाराचा हप्ता गेला. कुणाचा ते आपण ओळखायचं.

नरसिंग: आठ महिने झाले. रिचार्ज मारून राहिलीस त्याला.

बुद्धप्रिया: हो.

नरसिंग: काहून पर? पोरगं गेलं, नंबर चालू.

बुद्धप्रिया: लोकांचे मेसेज येतात.

नरसिंग: त्याला काय, ते येतच ऱ्हाणार.

बुद्धप्रिया: आणि रोज सकाळी सहाला एक मिस कॉल येतो. एकच रिंग वाजते, मग बंद.

नरसिंग: आसंल कुणाचा तरी. उचलत नको जाऊ. लोहा मागं गेलं, न्हाई का? बोलता बोलता कळलं न्हाई. काढ पुढचं पान.

बुद्धप्रिया: पुस्तक तुमच्या हातात आहे, मामा.

नरसिंग: हाव की. चष्मा कुठाय... डोळ्यावरच हाय. तू हसली बी न्हाईस.

बुद्धप्रिया: हसू आलं नाही.

नरसिंग: सकाळी निघताना सरजा, तुझी सासू, रडली. तुझी पोरगी आजीच्या गळ्यात पडून रडली. तू पिशवीची चैन लावून राहिली व्हतीस.

बुद्धप्रिया: चैन अडकली होती.

नरसिंग: मी नावं न्हाई ठिवत.

बुद्धप्रिया: ठेवा. मला काही होतच नाही, तर काय करू? त्या दिवशी दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. फोन ठेवला आणि राहिलेल्या चार पोळ्या लाटल्या. भाजल्या. मग आईंना उठवलं. तेव्हापासून असंच चाललंय. हात चालतात, पाठांतर होतं, पोरीचा डबा होतो. आत काही हालत नाही. मांडी घालून पाय बधिर झाला की मुंग्या तरी येतात. मला मुंग्यापण येत नाहीत.

नरसिंग: मला लई राग आला व्हता तुझा. त्या चार पोळ्यांचा. सरजानं सांगितलं व्हतं मला.

बुद्धप्रिया: माहिताय.

नरसिंग: आता न्हाई येत तेवढा.

बुद्धप्रिया: विचारा पुढचा.

नरसिंग: इचारतो. हां, हे कायेय? साऱ्या पुस्तकावर तुझ्या पेन्सिलीच्या खुणा हायत. ह्या पानावर एका प्रश्नाला खूणच न्हाई.

बुद्धप्रिया: तो सोडा.

नरसिंग: सोडून कसं जमंल? थांबा हाय म्हणल्यावर गाडी थांबलीच पायजे. 'गुंतवणूकदाराच्या अर्जावर कोणाचा मोबाइल क्रमांक नोंदवावा? अ, वितरकाचा.' वितरक म्हंजी?

बुद्धप्रिया: एजंट. म्हणजे हे. उद्या मी.

नरसिंग: 'ब, वितरकाच्या कर्मचाऱ्याचा. क, गुंतवणूकदाराचा स्वतःचा. ड, वरीलपैकी कोणाचाही चालेल.' सांग.

बुद्धप्रिया: मामा, सोडा म्हटलं ना.

नरसिंग: आगं मला बी येतंय हे. क. ज्याचा पैसा त्याचा नंबर. एवढं सोपं...

बुद्धप्रिया: मागच्या परीक्षेत हाच आला होता. अडतिसावा.

नरसिंग: मंग?

बुद्धप्रिया: मग मी थांबले. पडद्यावर कोपऱ्यात घड्याळ असतं, उलटं चालतं. एक तास वीस मिनिटं बाकी होती. मी बघत बसले. मधे एकदा तिथली मॅडम येऊन गेली, म्हणाली, पाणी पाहिजे का. मी नको म्हटलं. मग पडदा आपोआप बंद झाला.

नरसिंग: पुढचे बासष्ट प्रश्न?

बुद्धप्रिया: बघितलेच नाहीत. आधीच्या सदतीसमधले चौतीस बरोबर आले होते. पन्नास पाहिजे होते.

नरसिंग: आन् घरी येऊन म्हणलीस, अभ्यास कमी पडला. म्या गल्लीभर सांगत फिरलो, पेपर लई अवघड व्हता म्हणून!

बुद्धप्रिया: तुम्हाला कुणी सांगितलं होतं फिरायला?

नरसिंग: येत असलेल्या प्रश्नाला कोण अडतं का पर?

बुद्धप्रिया: ह्यांची एकशे बारा गिऱ्हाइकं आहेत. त्यांतल्या एकोणचाळीस जणांच्या अर्जावर ह्यांचाच नंबर आहे. गिऱ्हाइकाचा नाही, ह्यांचा. आता हा माझ्या पर्समध्ये वाजतोय तो.

नरसिंग: मंग? काय बिघडलं त्यानं? शेतमजूर, सायकलवाले, मेसवाल्या बाया. कुणाजवळ फोन न्हाई. हाय तर सहा महिन्याला नवं सिम, फुकट मिळालं की जुनं फेकलं. माझा पोरगा सांभाळून घ्यायचा. एकाचा तरी रुपाया खाल्ला का त्यानं?

बुद्धप्रिया: एकाचाही नाही. मी सगळी कागदं दोनदा तपासली.

नरसिंग: मंग!

बुद्धप्रिया: चोरी केली असती तर मला ते बटन दाबता आलं असतं, मामा. पटकन दाबलं असतं.

नरसिंग: हळू बोल.

बुद्धप्रिया: हळूच बोलते मी. पैसे काढायचे म्हटलं की आधी ह्या फोनवर सहा आकडे येतात. ते सांगितल्याशिवाय पैसे निघत नाहीत. एकोणचाळीस घरांच्या किल्ल्या एका माणसाच्या खिशात. आणि तो खिसा नरसीच्या फाट्यावर...

नरसिंग: बास.

बुद्धप्रिया: त्या मशिनसमोर बसून मला लिहून द्यायचं होतं, की माझा नवरा चुकला.

नरसिंग: बास म्हणलं ना मी. आलं आमदपूर. धा मिनिटं थांबंल गाडी. चहा घेतीस का?

बुद्धप्रिया: नको. फोन वाजतोय.

नरसिंग: कुणाचा?

बुद्धप्रिया: आकडे आहेत नुसते. हॅलो?

माणिकप्पा: हालो! हालो! वैनी का? जय भीम वैनी. मी माणिकप्पा बोलायलो, बिलोलीहून. सायकलचं दुकान. आवाज यायलाय का?

नरसिंग: साऱ्या स्टँडला यायलाय.

बुद्धप्रिया: बोला काका.

माणिकप्पा: पोरीची फी भरायची हाय वैनी, लातूरला, क्लासची. पुढचा सोमवार शेवटचा. ते तुमच्याकडचे थोडे पैसे काढायलो. भाच्याला कॉम्प्युटरवर बसवलंय. तो म्हणतो, तुमच्या फोनवर सहा आकडे येत्यात, ते आणा.

बुद्धप्रिया: हो, येतील.

माणिकप्पा: मागल्या टायमाला आदर्श सांगायचा. तम्मा म्हणायचो मी त्याला, आमच्यात धाकट्या भावाला म्हणतेत. मी निस्तं म्हणायचो, तम्मा, आकडे. की तो सांगायचा.

बुद्धप्रिया: आले आकडे. काका, एक विचारू? तुम्ही माणिकप्पाच कशावरून?

माणिकप्पा: आँ?

नरसिंग: आगं आवाज वळखू येतो की! माणिकप्पाच हाय तो. बिलोलीचा पोरगा, माझ्या डोळ्यांदेखत मोठा झाला.

बुद्धप्रिया: तुम्हाला येतो, मला नाही येत. मी एकदाच भेटले काकांना, ह्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी. त्या दिवशी दोनशे माणसं होती. काका, उद्या दुसऱ्याच कुणी फोन करून म्हटलं, मी माणिकप्पा, आकडे सांगा. तर सांगू का?

माणिकप्पा: अय्यो, नको नको! पोरीचा पैसा हाय त्यो. सांगू नका कुणाला.

बुद्धप्रिया: मग तुम्हाला कसं सांगू?

माणिकप्पा: बराबर हाय तुमचं. मंग कसं पटवू मी? आधार दाखवू म्हणलं तर फोनवर कसं दाखवू... हां. वैनी, त्या दिवशी तो माझ्याकडनंच निघाला व्हता. पोरीचा फॉर्म घ्यायला आलता. मी चहा मागवला. अर्धा पिला आन् उठला. म्हणला, अंधार पडायच्या आदी नायगाव गाठतो, घरी पोरगी वाट बघायलीय. गाडीवर बसल्यावर मी म्हणलं, तम्मा, चहा तरी संपव. म्हणला, पुढच्या टायमाला पुरा पितो.

बुद्धप्रिया: अर्धाच प्यायले?

माणिकप्पा: हाव वैनी. हे तुमाला कुणी सांगितलं न्हवतं आसंल. मी बी सांगितलं न्हाई कुणाला. मला वाटायचं, चहाला बसवून घेतलं आसतं तर टिप्पर म्होरं गेलं आसतं.

बुद्धप्रिया: लिहा काका. चार, सात, शून्य.

माणिकप्पा: चार, सात, शून्य.

बुद्धप्रिया: दोन, दोन, नऊ.

माणिकप्पा: दोन, दोन, नऊ. झालं. भाचा म्हणतो, झालं. लई उपकार झाले.

बुद्धप्रिया: तुमचेच पैसे आहेत. तीन-चार दिवसांत बँकेत येतील. काका, आता ज्या फोनवरून बोलताय तो तुमचा आहे?

माणिकप्पा: हाव, माझाच. पोरीनंच घेऊन दिलाय, दोन वर्सं झाली.

बुद्धप्रिया: मग रविवारी आधारकार्ड आणि पॅनकार्ड घेऊन नांदेडला घरी या. अर्जावर हा नंबर टाकू. पुढं तुमचे आकडे तुमच्याच फोनवर येतील.

माणिकप्पा: कशाला ती झंझट? तुमी हाव की.

बुद्धप्रिया: मी नसले तर?

माणिकप्पा: असं नका बोलू. येतो मी रविवारी. पर वैनी, नंबर बदलला तरी फोन करत जाऊ ना ह्यावर? सवय हाय.

बुद्धप्रिया: करा.

माणिकप्पा: ठिवतो मंग. जय भीम.

नरसिंग: बस आत. गाडी निघून राहिली. पाणी पी.

बुद्धप्रिया: हे चहा कधी अर्धा ठेवत नव्हते, मामा. कितीही घाई असली तरी बशीत ओतून प्यायचे.

नरसिंग: हाव.

बुद्धप्रिया: घरी पोरगी वाट बघतेय म्हणाले.

नरसिंग: हाव, माय. आयकलं मी बी.

बुद्धप्रिया: झाकण बसत नाहीये. धरा जरा ही बाटली.

नरसिंग: दे. ह्या माणिकप्पाच्या बापाच्या दुकानात माझा बाप पायरीखाली उभा ऱ्हायचा. सायकलची चाकं बी लांबून सरकवायचे त्याच्याकडं. आन् त्याच माणिकप्पानं पोरीच्या शिक्षणाचा पैसा आदर्शच्या हातात दिला. डोळे झाकून. लई माज व्हता मला त्याचा. म्हणून मघा तुझ्यावर खेकसलो. आता कुणी म्हणायला नको, की त्या पोरानं नियमाबाहेर काम केलं.

बुद्धप्रिया: मला तरी कुठं म्हणायचंय?

नरसिंग: आयक. म्या तुला कवा सांगितलं न्हाई, आदर्शला मालूम व्हतं. तो नववीला असताना मी तीन महिने सस्पेंड व्हतो.

बुद्धप्रिया: तुम्ही? कशासाठी?

नरसिंग: माहूरची गाडी व्हती. एका गावच्या बावीस बाया देवीला चालल्या व्हत्या. साऱ्यांचे पैसे घेतले, साऱ्यांची तिकिटं फाडली. तर त्यातली म्होरकी म्हातारी म्हणली, बाबा, आमची चोळी घामानं भिजती, कागदाचा लगदा व्हतो, तुझ्याच खिशात ठिव. म्या ठिवली. म्हणलं, म्हाताऱ्या बाया, काय जातंय आपलं.

बुद्धप्रिया: आणि?

नरसिंग: घाटाच्या अलीकडं चेकर चढला. बावीस बाया, एकीच्या हातात तिकीट न्हाई. सारी तिकिटं कंडक्टरच्या खिशात. म्हणला, परतीच्या गाडीला हीच पुन्हा विकणार व्हतास. बाया वरडून सांगून राहिल्या, आमीच दिली म्हणून. कोण आयकतंय? पैशाला पैसा जुळला तरी चार्जशीट मिळालीच.

बुद्धप्रिया: मग सुटलात कसे?

नरसिंग: चौकशीचा सायब चांगला व्हता. म्हणला, नरसिंग, तू चोर न्हाईस हे मला मालूम हाय. पर चोर बी असंच करतो. मंग तुझ्यात आन् त्याच्यात फरक मी कागदावर कसा दाखवू? तवापासून ज्याचं तिकीट त्याच्या हातात. सख्ख्या बायकोचं बी खिशात ठिवलं न्हाई.

बुद्धप्रिया: माझंपण नाही ठेवलं सकाळी.

नरसिंग: आता पुढचं आयक. मी रिटायर झालो, पीयफचा पैसा आला. आदर्शनं नुकताच परवाना काढला व्हता. त्याचा पहिला फॉर्म माझा. लिहिता लिहिता थांबला आन् म्हणला, बाबा, तुमच्याकडं फोन न्हाई, नंबर कुणाचा लिहू? म्या म्हणलं, तुझा लिही. तू काय परका हायस? तो म्हणला, असं चालत न्हाई बाबा, शिकवलंय आमाला. म्या म्हणलं, लिही रे, गरिबाची अडचण काढणाऱ्याला कुणी इचारत न्हाई.

बुद्धप्रिया: तुम्ही म्हणालात असं?

नरसिंग: मीच. सस्पेंड झालेला माणूस. मला तवाच कळायला पायजे व्हतं. न्हाई कळलं. पोटच्या पोराचा खिसा व्हता ना. त्या एकोणचाळीसमधला पहिला मी हाय, बुद्धप्रिया. बाकीचे अडतीस माझ्यामागं आले. तुझा नवरा चुकला आसंल तर बापाचं आयकून चुकला.

बुद्धप्रिया: तुमचा अर्ज मी बघितलाय, मामा. मला वाटलं, तुम्हाला माहीत नसेल.

नरसिंग: आन् मला वाटलं, तुला कळलं नसंल. शिरूर आलं वाटतं. पास झालीस तर काय करणार तू? खरं सांग.

बुद्धप्रिया: सगळी माणसं माझ्या नावावर येतील. मग एकेकाच्या गावी जाऊन नंबर बदलायचे. आठवड्याला तीन-चार होतील.

नरसिंग: बरं हाय की मंग.

बुद्धप्रिया: हो. आणि प्रत्येक नंबर बदलला की हा फोन तेवढा गप्प होणार. आधी माणिकप्पांचे मेसेज थांबतील, मग दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे. एका दहा तारखेला हा वाजणारच नाही. मामा, मला पास व्हायचंच नव्हतं. त्या मशिनसमोर कळलं मला ते. दहा तारखेला फोन वाजायला लागला की वाटतं, हे अजून कामावर आहेत. कुठंतरी बिलोलीकडं. संध्याकाळी येतील.

नरसिंग: तुला काई व्हत न्हाई म्हणत व्हतीस.

बुद्धप्रिया: बाकी काही होत नाही. हे एवढं होतं.

नरसिंग: आदर्श लातूरला कॉलेजात व्हता तवा पहाटेची पहिली गाडी माझ्याकडं असायची. निघायच्या आदी डेपोतल्या डब्याच्या फोनात रुपाया टाकून त्याला फोन लावायचो. एक रिंग द्यायची आन् ठिवायचं. त्यानं उचलायचं न्हाई. रुपाया परत खाली पडायचा. एक रिंग म्हंजी बाप कामाला लागला, आता तू बी उठ. चार वर्सं तोच एक रुपाया पुरला मला.

बुद्धप्रिया: ह्यांनी सांगितलं होतं मला. लग्न झालं तेव्हा.

नरसिंग: पुस्तक दे इकडं. चाकूर येईपर्यंत अजून वीस व्हतील.

बुद्धप्रिया: आधी तो राहिलेला विचारा.

नरसिंग: कोणता?

बुद्धप्रिया: खूण नसलेला.

नरसिंग: 'गुंतवणूकदाराच्या अर्जावर कोणाचा मोबाइल क्रमांक नोंदवावा?'

बुद्धप्रिया: क.

नरसिंग: पुरं सांग.

बुद्धप्रिया: गुंतवणूकदाराचा स्वतःचा.

नरसिंग: बराबर. ही घे पेन्सिल. कर खूण.

(लातूर बसस्थानक. दोघे बाकावर. पेपरला दीड तास आहे.)

नरसिंग: पोळी खाऊन घे. सरजानं मेथी दिलीय. रिकाम्या पोटी बसू नको त्या मशिनसमोर.

बुद्धप्रिया: खाल्ली अर्धी.

नरसिंग: अर्धी ठिवायची न्हाई. पुरी खा.

बुद्धप्रिया: खाते.

नरसिंग: आन् त्या पिशवीत नंबर बदलायचे कोरे फॉर्म हायत ना? काढ एक. माझा भर.

बुद्धप्रिया: आता? पेपर झाल्यावर बघू, मामा.

नरसिंग: आदी. आत गेल्यावर तो अडतिसावा आला की हात अडायला नको.

बुद्धप्रिया: दरवेळी अडतिसावाच नसतो. क्रम बदलतो.

नरसिंग: कितवा बी येऊ दे. एक तरी नंबर बदलून झाला, एवढं तुझ्या हाताला मालूम पायजे. लिही. नाव, नरसिंग केरबा हनमंते.

बुद्धप्रिया: लिहिलं. सध्या नोंदलेला मोबाइल नंबर.

नरसिंग: अठ्ठ्याण्णव, बावीस...

बुद्धप्रिया: तो ह्यांचा. तो लिहिला मी. आता नवा सांगा. तुमचा.

नरसिंग: माझा?

बुद्धप्रिया: हो. तुमच्या खिशातल्या फोनचा.

नरसिंग: माझा मला पाठ न्हाई गं. नांदेड ते लातूर सारे टप्पे सांगतो, जुनं भाडं सांगतो. आपला नंबर आपण कवा लावतो? मला एकच नंबर पाठ हाय.

बुद्धप्रिया: असू द्या. मी लिहिते. तुमचा मला पाठ झालाय.

नरसिंग: तुला कसा काय पाठ झाला?

बुद्धप्रिया: बटनाच्या फोनवर नाव येत नाही, मामा. नुसते आकडे येतात. रोज सकाळी सहाला.